गाडी जाते, नाव राहते

घर आणि सोने यांच्या खालोखाल ज्या वस्तूवर मध्यमवर्गीय कुटुंब आपली वर्षानुवर्षांची शिल्लक खर्ची घालते, ती वस्तू म्हणजे वाहन. आणि तरीही जमिनीचा गुंठाभर तुकडा घेताना सातबारा, फेरफार आणि वकिलाचा शोध-अहवाल यांवाचून पाऊल न उचलणारा आपला माणूस, ओळखीतून आलेली जुनी मोटार घेताना मात्र सोसायटीच्या आवारात तिच्याभोवती एक फेरी मारतो, दोन कागदांवर सह्या करतो, किल्ल्या खिशात टाकतो आणि सौदा पुरा झाला असे समजून निश्चिंत होतो. नव्या गाडीच्या खरेदीत ही निश्चिंती काही अंशी क्षम्य असते, कारण कर, विमा आणि नोंदणी यांची तजवीज दुकानदारच करतो. परंतु एका खाजगी मालकाकडून दुसऱ्या खाजगी मालकाकडे जेव्हा वाहन जाते, तेव्हा मध्ये कोणीच जबाबदार माणूस नसतो, आणि जे काही पाहायचे, विचारायचे, लिहायचे आणि नोंदवायचे ते त्या दोघांनाच करावे लागते. या लेखाचे सांगणे एवढेच आहे, की वाहन एका हातातून दुसऱ्या हातात क्षणात जाते, पण त्याच्या मालकीचा भार सरकारी दफ्तरातच उतरतो आणि दफ्तरातच चढतो. आणि ही नोंद होईपर्यंत मोटार वाहन कायद्याच्या लेखी विक्रेता सुटलेला नसतो व खरेदीदार मालक झालेला नसतो.

आरंभ कायद्यातील एका घोड्यापासून करणे उचित होईल. 1872 सालच्या भारतीय करार कायद्यात कपटाची व्याख्या करणारे सतरावे कलम आहे, आणि त्या काळी वाहन म्हटले की घोडाच डोळ्यांसमोर येत असल्यामुळे, त्या कलमाखालील पहिली तीन उदाहरणे घोड्याच्या विक्रीची आहेत. पहिल्या उदाहरणातील मालक आपला सदोष घोडा लिलावात विकतो आणि त्याच्या दोषाविषयी अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो की हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घेणारी व्यक्ती ही त्या मालकाची नुकतीच सज्ञान झालेली कन्या आहे. येथे पित्याने दोष सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. तिसऱ्या उदाहरणातील खरेदीदार स्पष्ट बजावतो की तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी गृहीत धरीन, आणि यावर मालक गप्प राहतो. तेव्हा त्याचे ते मौन कायद्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष उच्चारासमान होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन ओळीवजा दाखल्यांत आजच्या मोटारविक्रीचे सारे मर्म साठलेले आहे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती कायदा अनोळखी विक्रेत्यावर सहसा करीत नाही. म्हणून खरेदीदाराने प्रश्न विचारले पाहिजेत, उघड विचारले पाहिजेत, आणि शक्य तर लेखी विचारले पाहिजेत. या गाडीला अपघात झाला होता का, ती पुराच्या पाण्यात उभी होती का, इंजिन उघडले होते का, मीटर बदलला आहे का, हे चार प्रश्न मोबाइलवरील संदेशातून विचारून त्यांची उत्तरे जपून ठेवणारा माणूस पुढील तकरारीत रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

मात्र त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम खरेदीदारालाही एक इशारा देते. विक्रेत्याच्या मौनातून घडलेले कपट असो वा त्याचे चुकीचे निवेदन, साधारण दक्षता बाळगून सत्य शोधून काढण्याचे साधन ज्याच्या हाती होते, त्याला त्या सबबीवर करार रद्द करता येत नाही. खोटे न बोलणे हे विक्रेत्याचे कर्तव्य, तसे पाहून घेणे हे खरेदीदाराचे कर्तव्य, अशी ही दुपेडी व्यवस्था आहे. आणि दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याची जी सोय आपल्याला परिचित आहे, ती स्वतःची वापरातली गाडी एकदाच विकणाऱ्या खाजगी गृहस्थाविरुद्ध सहसा उपयोगी पडत नाही, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

सत्य सांगण्यात विक्रेत्याचा तोटा असतो, हा समज सर्वत्र पसरलेला आहे, आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखवून दिले, की गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, म्हणजे घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात उत्तम गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, त्यामुळे बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, आणि त्या अनुभवाने भाव आणखी खाली येतो. याच कार्याच्या आधारे 2001 साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ असा, की चांगल्या गाडीच्या मालकाला योग्य किंमत मिळण्यातला अडथळा हा त्याच्या गाडीचा दोष नसून खरेदीदाराचा अंधार आहे. आणि जो मालक सर्व्हिसिंगच्या पावत्या, विम्याचे कागद आणि दुरुस्तीचा इतिहास आपण होऊन पुढे ठेवतो, तो हा अंधार दूर करून आपल्या गाडीचा खरा भाव स्वतःच उभा करतो. सचोटी हा सद्गुण तर आहेच. जुन्या वाहनाच्या सौद्यात तिला रोख मोलही आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. गाडी दिवसाच्या उजेडात, कोरड्या स्थितीत आणि इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच ती सुरू करून तापवून ठेवलेली असेल, तर सकाळी पुन्हा येण्याचा आळस करू नये, कारण सुरू होण्यातली कुरकुर आणि पहिला धूर या दोन गोष्टी थंड इंजिनच सांगते. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जात असल्याचे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर कूलंट आत झिरपत असल्याचे लक्षण असते. किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. जुना काट्याचा मीटर जसा मागे फिरवता येत असे, तसा आजचा डिजिटल आकडाही यंत्राच्या साहाय्याने बदलता येतो. त्यापेक्षा क्लचच्या व ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगची कातडी, चालकाच्या आसनाची कड आणि टायर यांची झीज त्या आकड्याशी जुळते का, हे पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडी 2021 ची, मीटर वीस हजारांचा आणि टायर मात्र 2024 चे असतील, तर टायर इतक्या लवकर का बदलावे लागले, हा प्रश्न सरळ विचारावा.

अपघाताच्या खुणा रंगाखाली लपतात, पण जोडावर उघड्या पडतात. दोन्ही बाजूंच्या दारांमधील फटी सारख्या आहेत का, दाराचे रबर ओढून पाहिल्यास आतील कारखान्यातले वेल्डिंगचे गोल ठसे शाबूत आहेत का, बॉनेटच्या बोल्टांवरील रंग उखडलेला आहे का, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. पुराची गोष्ट त्याहून कठीण आणि आपल्या प्रांतात त्याहून महत्त्वाची आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाच्या मुंबईत, 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात, आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला आलेल्या पुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. आणि अशी धुऊन-पुसून चकचकीत केलेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येऊ शकते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ आहे का, सतरंजीखाली गाळ वा कुबट वास आहे का, आसनांच्या रुळांवर गंज आणि दिव्यांच्या काचांत बाष्प आहे का, हे पाहिल्याशिवाय राहू नये. कारण विजेच्या तारांत शिरलेले पाणी सहा महिन्यांनी आपला हिशेब मागते. कोकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा तळ खाऱ्या हवेने गंजलेला असण्याचा संभव लक्षात घेऊन ती लिफ्टवर चढवूनच पाहावी. आणि हे सर्व स्वतः कळत असले तरी, आपल्या विश्वासातल्या, विक्रेत्याने न सुचविलेल्या मेकॅनिकला सोबत न्यावे. त्याला दिलेली मजुरी ही या सौद्यातली सर्वांत सत्कारणी लागलेली रक्कम ठरते.

लोखंडाची परीक्षा झाल्यावर कागदांची परीक्षा सुरू होते. आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. खाडाखोड वा घासल्याची खूण दिसली, तर भाव कितीही मोहक असला तरी तेथूनच परतावे. 1930 च्या मालविक्री कायद्याचे सत्ताविसावे कलम असे, की जो स्वतः मालक नाही त्याला सामान्यतः आपल्यापेक्षा श्रेष्ठ हक्क दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे चोरीची गाडी कितीही शुद्ध मनाने आणि पूर्ण पैसे मोजून घेतली, तरी खऱ्या मालकाचा हक्क बुडत नाही, आणि खरेदीदाराच्या नशिबी पैशाचा नाश व पोलीस चौकीचे खेटे उरतात. केंद्र सरकारच्या वाहन प्रणालीत गाडीचा क्रमांक टाकला असता नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. थकलेली ई-चलने वेगळी पाहता येतात. आणि राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर ती गाडी पोलिसांना हवी आहे का, याचाही शोध घेता येतो. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

बोजाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कर्जाऊ घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेच्या नावाची नोंद असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या एक्कावन्नाव्या कलमान्वये त्या बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकी बदलाची नोंद होत नाही. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असा अनेकांचा भाबडा समज असतो; वास्तविक बँकेचा ना-देय दाखला आणि तिच्या सहीचा नमुना 35 परिवहन कार्यालयात दाखल केल्यावरच तो उतरतो. कर्ज अद्याप शिल्लक असेल, तर खरेदीदाराने आपली रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता तेवढा हिस्सा थेट कर्जखात्यात भरावा आणि मगच पुढे जावे.

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालक कोण हे ठरविताना ताब्यात गाडी कोणाच्या आहे, किंमत कोणी मोजली, हे सामान्यतः पाहिलेले नाही. ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक, अशी त्याची व्याख्या आहे. आणि पन्नासाव्या कलमाने दोघांवरही मुदतीचे बंधन घातले आहे: विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत आणि परराज्यात गाडी गेल्यास 45 दिवसांच्या आत हस्तांतराची खबर द्यावी, आणि खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत आपले नाव लावून घेण्याचा अर्ज करावा. यासाठी 1989 च्या केंद्रीय नियमांनी नेमून दिलेले नमुना 29 आणि नमुना 30 हेच ते कागद, ज्यांना आरटीओच्या आवारात सर्रास टीटी फॉर्म म्हटले जाते.

हे बंधन कोरडे औपचारिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या फेब्रुवारीत दिलेल्या एका निकालावरून स्पष्ट होईल. एका मोटारीच्या नोंदलेल्या मालकाने ती 2007 साली विकली. घेणाऱ्याने ती 2008 साली पुढे दिली, आणि तेथूनही ती आणखी पुढे गेली. परंतु नाव मात्र कोणीच बदलले नाही. 2009 साली त्या गाडीने झालेल्या अपघातात एक जण मृत्युमुखी पडला आणि एक जखमी झाला. भरपाई कोणी द्यायची, हा वाद दिल्लीपर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने असे ठरविले की ज्याचे नाव नोंदवहीत कायम आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि म्हणून उत्तरदायित्वही त्याचेच. अपघातग्रस्ताने गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. ज्या गाडीचा चेहराही दोन वर्षांत पाहिला नव्हता, तिच्या चाकाखाली गेलेल्या माणसाची भरपाई त्या पहिल्या मालकाच्या माथी आली. या निर्णयात मला कठोरता दिसत नाही, न्याय दिसतो; कारण शोकात बुडालेल्या कुटुंबाला एक निश्चित नाव मिळालेच पाहिजे, आणि ते नाव वेळीच बदलून घेणे विक्रेत्याच्या हाती होते.

यावरून आपल्याकडे रूढ झालेल्या एका अनिष्ट प्रथेचा धोका ध्यानी येईल. खरेदीदाराचे नाव, तारीख, किंमत यांच्या जागा कोऱ्या ठेवून विक्रेत्याने टीटी फॉर्मवर सही करून द्यायची, आणि घेणाऱ्याने वा एजंटाने त्या कोऱ्या सह्यांनिशी गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची, ही ती प्रथा. यात एजंटाचे नाव कोठेच येत नाही, विक्रेत्याचे नाव मात्र अनिश्चित काळ गाडीबरोबर हिंडत राहते. तिने सिग्नल मोडला तर चलन त्याच्या मोबाइलवर, तिने गुन्ह्यात भाग घेतला तर पोलीस त्याच्या दारात. म्हणून कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हा नियम प्रत्येक कुटुंबाने वडिलार्जित शिस्तीसारखा पाळला पाहिजे. व्यापाऱ्याकडे गाडी सोपवायची असेल, तर एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो नोंदणीकृत व्यापारी आहे का हे पाहावे आणि त्याच्याकडे गाडी दिल्याची खबर प्रणालीत नोंदवावी.

विम्याच्या बाबतीतही असाच एक गैरसमज खोल रुजलेला आहे. गाडीबरोबर विमाही आला, असे खरेदीदार मानतो. ते अर्धेच खरे आहे. कायद्याच्या 157 व्या कलमानुसार तिऱ्हाईताच्या हानीपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असे समजले जाते, आणि त्याने 14 दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा नाव न बदलता गाडी ठोकली, तर घेणाऱ्याचा विम्याशी करार नाही आणि देणाऱ्याचे गाडीत हित उरलेले नाही, अशा पेचात दावा फेटाळला जातो. विक्रेत्यानेही हे जाणून घ्यावे, की दावा न केल्याबद्दल साठलेली, 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सूट ही गाडीची नसून त्याची स्वतःची मिळकत आहे. तिचा दाखला घेऊन ती तीन वर्षांच्या आत आपल्या नव्या गाडीच्या विम्यासाठी वापरता येते.

काही विशेष प्रसंगांचा केवळ निर्देश करतो. मालक दिवंगत झालेला असेल, तर वारसाने मृत्यूनंतर 30 दिवसांत कार्यालयाला कळवावे, म्हणजे तीन महिने वाहन वापरण्याची मुभा मिळते, आणि या मुदतीत नमुना 31 द्वारे नाव आपल्याकडे करून घ्यावे; वडिलांच्या नावावरील गाडी मुलाकडून थेट घेण्याचा मोह खरेदीदाराने टाळावा. परराज्यातील गाडीला नमुना 28 वरील ना-हरकत दाखला लागतो आणि येथे नव्याने कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात 2014-15 पासून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंधांचे आदेश निघाल्याने तेथील गाड्या स्वस्तात इकडे येतात, तेव्हा तो स्वस्तपणा कर, हेलपाटे आणि गाडीचे उरलेले आयुष्य जमेस धरूनच मोजावा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. चौदा वर्षांच्या गाडीचा भाव ठरविताना हा येऊ घातलेला खर्च विसरू नये.

पैशाची देवघेव बँकेमार्फतच व्हावी, कारण एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड विक्रेत्याला होऊ शकतो. जुन्या गाड्यांवरील जीएसटीच्या वाढीव दराची 2024 च्या अखेरीस जी चर्चा झाली, तिने अनेक गृहस्थ घाबरून गेले. परंतु तो कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्यावर आहे, आपली वापरातली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकणाऱ्या सामान्य माणसाला तो लागू नाही.

सौद्याच्या दिवशी साध्या भाषेतील ताबा-पावती दोन प्रतींत करावी. तीत दोघांची नावे व पत्ते, गाडीचे क्रमांक, किंमत आणि ती कशी पोहोचली, ताब्यापर्यंतची चलने कोणाची, विक्रेत्याने सांगितलेले ज्ञात दोष, आणि मुख्य म्हणजे तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहावी. कारण अपघात व चलन यांना दिवस पुरत नाही, तास लागतो. विक्रेत्याने आपला फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, अन्यथा दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल त्याच्या खात्यातून जात राहील. आणि शेवटची सूचना, जी पाळली तर बाकीच्या बहुतेक तकरारी उद्भवतच नाहीत, ती अशी: किमतीचा एक ठरावीक हिस्सा, दोघांच्या लेखी संमतीने, नव्या नावाची नोंद प्रणालीत दिसेपर्यंत मागे ठेवावा. याने खरेदीदाराला विक्रेत्याच्या सहकार्याची हमी मिळते. आणि विक्रेत्यालाही, आपल्या शिल्लक पैशासाठी का होईना, नाव उतरले की नाही हे विचारण्याची आठवण राहते. दोन सामान्य नागरिक, मध्ये कोणी मध्यस्थ नसताना, एकमेकांना खरे सांगून, खरे लिहून आणि ते वेळेवर नोंदवून मोठ्या किमतीचा व्यवहार निर्विघ्न पार पाडू शकतात, ही गोष्ट लहान नाही. कायद्याने त्यासाठी लागणारे सारे साहित्य पुरविलेले आहे, आणि दोघांनी मिळून एक अर्ज वेळेवर करणे एवढेच काम आपल्यावर सोपविले आहे.